बॅकअप आहे म्हणता ना? मग परत आणून दाखवा

कुठल्याही सरकारी किंवा सहकारी कार्यालयातले संगणक बंद पडले की साहेबांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "काळजी करू नका, डेटा सेफ आहे, बॅकअप आहे." आणि खिडकीवर 'सर्व्हर डाऊन' लिहिलेला कागद पुढचे तीन दिवस तसाच चिकटलेला असतो. दाखला मिळत नाही, पासबुक भरून मिळत नाही, घरपट्टी भरायला गेलं की "सोमवारी या". डेटा सेफ आहे तर काम बंद का, हे मात्र कुणी विचारत नाही. ते विचारण्यासाठीच ही पोस्ट. लांब आहे आणि मध्ये थोडी तांत्रिक आहे. पण ज्यांचं जन्मदाखल्यापासून एफडीपर्यंत सगळं कुठल्यातरी खोलीतल्या डिस्कवर पडलंय (म्हणजे आपण सगळेच), त्यांनी जरा दम धरून वाचावी.

दिल्लीच्या एम्सचं प्रकरण आठवतंय? २३ नोव्हेंबर २०२२ ला सकाळी तिथली ई-हॉस्पिटल प्रणाली बसली. ओपीडीची नोंदणी, भरती, डिस्चार्ज, बिलं, लॅबचे रिपोर्ट, सगळं तिच्यावर चालायचं. रॅन्समवेअरचा हल्ला होता. साधारण दोन आठवडे देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या सरकारी रुग्णालयाचा कारभार कागद-पेनावर चालला. नंतर सरकारने संसदेत माहिती दिली. लोकसभेतलं उत्तर तेव्हाच्या आरोग्य राज्यमंत्री, आपल्या दिंडोरीच्या भारती पवार यांचं होतं: पाच सर्व्हरना फटका बसला, पण ई-हॉस्पिटलचा सगळा डेटा हल्ल्यातून वाचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून परत मिळाला आणि नव्या सर्व्हरवर टाकला. पुढे असंही सांगितलं गेलं की, एन्क्रिप्ट झालेला डेटा होता सुमारे १.३ टीबी.

१.३ टीबी म्हणजे किती? लग्नाचे व्हिडिओ ठेवायला आपण जी खिशात मावणारी हार्डडिस्क घेतो ना, तेवढा. डेटा वाचला होता, आकाराने छोटाच होता, तरी दोन आठवडे गेले. सगळा वेळ कॉपी करण्यात गेला नाही हे मान्य. पोलीस, तपास यंत्रणा, एकूण एक संगणक तपासून साफ करणं, हे सगळं त्यात आलं. पण रांगेत उभ्या असलेल्या पेशंटला 'डेटा सेफ आहे' या वाक्याचा काय उपयोग झाला? त्याच्या दृष्टीने बॅकअप असणं आणि कारभार परत सुरू होणं यांत पंधरा दिवसांचं अंतर होतं. हे अंतर कमी करायचं एक साधन बहुतेक मोठ्या कार्यालयांनी आधीच विकत घेतलेलं असतं. ते नीट वापरलं जात नाही, ही माझी तक्रार.

त्या साधनाचं नाव स्टोरेज स्नॅपशॉट. आता ते काय असतं ते सांगतो.

हल्ली कार्यालयात 'पंधरा सर्व्हर आहेत' असं म्हणतात तेव्हा पंधरा यंत्रं नसतात. दोन-तीन दणकट यंत्रं असतात आणि त्यांच्या पोटात पंधरा-वीस आभासी यंत्रं चालतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. गंमत अशी की ही अख्खी मशीन, तिचं विंडोज, सॉफ्टवेअर, डेटाबेस, शेवटी असते दोन-चार मोठ्या फायलींच्या रूपात. आणि या फायली त्या दणकट यंत्रांतही नसतात. त्या असतात शेजारच्या रॅकमधल्या स्टोरेज ॲरेवर, म्हणजे डिस्कांनी भरलेल्या एका सामाईक पेटीत. सगळे सर्व्हर तिथूनच वाचतात आणि तिथेच लिहितात.

याचा फायदा आहे तसा धोकाही आहे. पूर्वी चोराला पंधरा संगणक फोडावे लागायचे. आता खालचं एक यंत्र फोडलं की वरच्या सगळ्या मशीनच्या फायलींना एकदम कुलूप. फेब्रुवारी २०२३ मध्ये जगभर व्हीएमवेअरच्या हजारो सर्व्हरवर असाच हल्ला झाला. ज्या भोकातून चोर शिरले ते बुजवण्याचं पॅच दोन वर्षं आधीच, फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेलं होतं. ज्यांनी लावलं नव्हतं ते अडकले.

स्नॅपशॉट समजायला तलाठ्याकडचा फेरफार डोळ्यांपुढे आणा. जमीन विकली की सातबाऱ्यावरचं जुनं नाव खोडरबराने पुसत नाहीत. त्याला कंस होतो, नवा फेरफार क्रमांक पडतो, जुनी नोंद जागच्या जागी वाचता येते. म्हणूनच 'अमुक साली ही जमीन कुणाच्या नावे होती' हे तीस वर्षांनीही काढता येतं. स्नॅपशॉट घेतल्यावर ॲरे हेच करतो. त्या क्षणी डिस्कवर कुठल्या जागी काय लिहिलंय याची यादी तो गोठवून ठेवतो. पुढे काही बदललं तर नवं दुसऱ्या जागी लिहितो, जुन्याला हात लावत नाही. (काही ॲरे उलटं करतात, जुनं उचलून बाजूला ठेवतात आणि नवं मूळ जागी लिहितात. परिणाम तोच.) कॉपी करायचीच नसल्यामुळे हे काम सेकंदांत होतं, आणि जागा लागते ती फक्त बदललेल्या भागापुरती.

याच्या शेजारी रात्रीचा पारंपरिक बॅकअप ठेवून बघा. दहा टीबी डेटा सेकंदाला २०० एमबी या वेगाने दुसरीकडे न्यायचा तर जवळजवळ चौदा तास लागतात. रात्री आठला सुरू केलं तर सकाळी दहाला, लोक कामाला बसताना संपणार. परत आणायलाही निदान तेवढाच वेळ. म्हणून हा बॅकअप दिवसातून एकदाच होतो, आणि दुपारी चारला घात झाला तर त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी गेल्या. स्नॅपशॉट दर तासाला घेता येतो. चारला घात झाला तर तीनची स्थिती हातात असते आणि तिच्यावर मशीन उभं करायला मिनिटं लागतात.

इतकं सगळं असूनही लोक अडकतात. कारण हे 'स्नॅपशॉट आहे ना' वाक्यसुद्धा 'बॅकअप आहे ना'च्याच जातीचं आहे.

पहिली गोष्ट कळायला सोपी आहे: फेरफाराचं बुक आणि सातबाऱ्याचं बुक एकाच कपाटात असेल आणि कपाटच जळलं, तर दोन्ही गेलं. स्नॅपशॉट त्याच पेटीत असतो. पेटी गेली की तोही गेला. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्या हलवताना आग लागली. शेकडो सरकारी सेवा बंद पडल्या. त्यात सरकारी कर्मचाऱ्यांनी फायली ठेवायची जी-ड्राइव्ह नावाची यंत्रणा होती, तिचा ८५८ टीबी डेटा जळून गेला. बाहेर प्रत नव्हतीच. कारण काय दिलं? आकार फार मोठा, म्हणून बाहेर बॅकअप ठेवला नव्हता. हे कोरिया आहे हो, ज्यांच्या कंपन्या जगाला मेमरी चिप पुरवतात.

आपल्याला आगीचा धडा कोरियाकडून घ्यायची गरजही नाही. २१ जून २०१२ ला मंत्रालयाचे वरचे मजले जळले, फायलींच्या फायली खाक झाल्या. त्यानंतर फायली संगणकावर न्यायला जोर आला. चांगलं झालं. पण कागद संगणकावर गेला म्हणून तो आगीपासून सुटला, असं होत नाही. तो फक्त दुसऱ्या खोलीत गेला.

दुसरी गोष्ट जरा किचकट आहे. चालू असलेल्या मशीनचा स्नॅपशॉट म्हणजे धावत्या माणसाचा फोटो. डेटाबेसच्या काही नोंदी त्या क्षणी अजून मेमरीत असतात, डिस्कवर उतरलेल्या नसतात. असा स्नॅपशॉट परत आणला की मशीनला वाटतं, आपला प्लग कुणीतरी उपटला होता. चांगला डेटाबेस यातून बहुतेक वेळा सावरतो. पण बँकेच्या लेजरच्या बाबतीत 'बहुतेक वेळा'वर कोण विसंबेल? म्हणून स्नॅपशॉटच्या आधी मशीनला क्षणभर 'थांब, हातातलं लिहून टाक' असं सांगावं लागतं. त्याची सोय विंडोजमध्ये आहे, व्हीएमवेअरमध्ये आहे, ॲरेवाल्या कंपन्यांकडेही आहे. ती कुणीतरी बसून जोडावी लागते एवढंच. विक्रेत्याचा माणूस पेटी बसवतो, दिवे लागलेले दाखवतो, सह्या घेतो आणि जातो. हे जोडायचं कुणाच्या कामाच्या यादीतच नसतं.

याच घोळातला एक उपघोळ. व्हीएमवेअरमध्येही 'स्नॅपशॉट' नावाचं बटण असतं आणि ती वेगळी वस्तू आहे. सॉफ्टवेअर अपडेट करण्याआधी क्षणभर घ्यायची, काम झालं की काढून टाकायची. कंपनी स्वतः सांगते, ७२ तासांवर ठेवू नका. आपल्याकडे ऑपरेटर ते घेतात आणि विसरतात. महिनोन्महिने ती फाइल फुगत जाते, मशीन रडतखडत चालतं आणि एक दिवस डिस्क भरून सगळंच ठप्प. मग 'बॅकअप घेतल्यामुळे सर्व्हर बंद पडला' अशी बातमी ऑफिसात फिरते आणि पुढची पाच वर्षं कुणी बॅकअपच्या वाटेला जात नाही.

आणखी एक. एकाच ॲरेच्या एका कप्प्यात वीस मशीन असतील आणि त्यातलं एकच बिघडलं, तर अख्खा कप्पा मागे नेऊन चालत नाही. नाहीतर जन्म-मृत्यू नोंदणी दुरुस्त करताना पाणीपट्टीची आजची वसुली पुसली जाते. स्नॅपशॉट बाजूला उघडून त्यातलं तेवढं एक मशीन उचलायचं असतं. हे अवघड नाही. पण रात्री दोन वाजता, फोनवर आयुक्त, शेजारी विक्रेत्याचा नवशिका मुलगा, अशा वेळी पहिल्यांदा करायची ही गोष्ट नव्हे.

सगळ्यात महत्त्वाचं मात्र वेगळंच आहे: किल्ली. आजचा चोर आधी तुमचा बॅकअप शोधतो. ज्या पासवर्डने रोजचं काम चालतं त्याच पासवर्डने स्नॅपशॉट पुसता येत असेल, तर चोर आधी स्नॅपशॉट पुसेल आणि मगच कुलूप लावेल. डेन्मार्कमधल्या क्लाउडनॉर्डिक या होस्टिंग कंपनीचं ऑगस्ट २०२३ मध्ये हेच झालं. हल्लेखोर मध्यवर्ती व्यवस्थापनापर्यंत पोचले. मूळ डेटा गेला, पहिला बॅकअप गेला, दुसराही गेला. बहुसंख्य ग्राहकांचं काहीच परत मिळणार नाही, असं कंपनीला जाहीर करावं लागलं. 'आमचं आता क्लाउडवर आहे' म्हणून निर्धास्त असलेल्यांसाठी त्याहून जुनं उदाहरण आहे. २०१४ मध्ये कोड स्पेसेस नावाच्या कंपनीच्या ॲमेझॉन खात्यात चोर शिरला आणि त्याने मशीन, डिस्क, स्नॅपशॉट सगळं पुसलं. कंपनी बंद झाली. क्लाउडनेही किल्ली एकच दिलेली होती.

उलट उदाहरण आपल्या घरचं आहे. मार्च २०२१ मध्ये एमआयडीसीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. खंडणीच्या आकड्याच्या बातम्या झाल्या, प्रादेशिक कार्यालयांचं काम थांबलं. पण बॅकअप वेगळ्या नेटवर्कवर ठेवलेला असल्याने त्याला लागण झाली नाही, असं महामंडळाने तेव्हा सांगितलं. याला म्हणतात वेगळी किल्ली. एम्सच्या बाबतीत सरकारने पुढे कारण दिलं ते नेमकं हेच, की नेटवर्कचे कप्पे नीट पाडलेले नव्हते.

आता बऱ्याच ॲरेमध्ये स्नॅपशॉटला मुदतीचं कुलूप लावता येतं. चौदा दिवस म्हटलं की चौदा दिवस. मग ॲडमिन असो, त्याचा साहेब असो वा त्याचा पासवर्ड चोरणारा चोर, कुणालाही तो पुसता येत नाही. मुदत मात्र विचार करून ठरवावी लागते. चोर शिरतो आज आणि कुलूप लावतो तीन आठवड्यांनी, असंही होतं. शिवाय कुलूप लावताना तो सगळंच बदलत असल्यामुळे, एरवी चिमूटभर जागा घेणारे स्नॅपशॉट एका रात्रीत फुगतात. जागा संपली की काही ॲरे जुने स्नॅपशॉट आपोआप काढून टाकतात. म्हणजे जो हवा होता तोच जातो. ही सेटिंग तुमच्याकडे कशी आहे, हे विक्रेत्याला विचारा. पटकन उत्तर आलं नाही तर समजा की त्यानेही बघितलेली नाही.

'मग दोन ठिकाणी एकदम लिहिणारी यंत्रणा घ्या की', असं कुणी म्हणेल. ती चांगली गोष्ट आहे, पण वेगळ्या आजारावरचं औषध आहे. इथे लिहिलेली चूक तीही त्याच क्षणी तिकडे इमानदारीने लिहिते. आणि ती स्वतःही दगा देऊ शकते. २४ फेब्रुवारी २०२१ ला मुंबईचा राष्ट्रीय शेअर बाजार, एनएसई, सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबला तो पावणेचारला सुरू झाला. एनएसईने नंतर दिलेल्या खुलाशानुसार टेलिकॉम लिंक डळमळल्या आणि त्यातून स्टोरेजची यंत्रणा अनपेक्षित वागली. ज्या जोडणीमुळे शून्य नोंदी हरवायच्या, त्याच जोडणीत सगळं अडकलं.

पण त्यानंतर जे झालं ते आपल्या कामाचं आहे. सेबीने नियम आवळले. २ मार्च २०२४ ला, शनिवारी, एनएसई आणि बीएसईने पर्यायी केंद्रावरून विशेष सत्र चालवून दाखवलं. खरे सौदे, खरे पैसे, आधी जाहीर करून. व्यापारी बँकांनाही रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या निर्देशांनुसार महत्त्वाच्या प्रणालींसाठी किमान सहा महिन्यांतून एकदा अशी रंगीत तालीम करावी लागते. म्हणजे जिथे पैसेवाल्यांचा पैसा आहे तिथे 'करून दाखवा' हा नियम झाला. महापालिका, जिल्हा परिषद, सरकारी दवाखाना, विद्यापीठ इथे अजून 'आहे म्हणून सांगा' यावर भागतं. विद्यार्थ्याची गुणपत्रिका आणि बाईची प्रसूतीची नोंद शेअरच्या सौद्याइतकी मोलाची का नसावी?

माझं म्हणणं असं, की निविदेतलं 'बॅकअपची सुविधा पुरवावी' हे वाक्य हद्दपार करा. त्याऐवजी लिहा: दर तिमाहीत, कार्यालयाने त्या दिवशी निवडलेलं एक मशीन, कार्यालयाने निवडलेल्या तारखेच्या स्थितीला, चार तासांत उभं करून दाखवावं. संबंधित लिपिकाने त्यावर एक जुनी नोंद शोधून सही करावी. तेव्हाच त्या तिमाहीचं बिल निघेल. लिपिकाची सही मुद्दाम म्हणतोय. इंजिनियरला 'मशीन चालू झालं' एवढ्यात समाधान वाटतं. आतली नोंद बरोबर आहे की नाही, हे ती रोज हाताळणाऱ्या माणसालाच कळतं.

'पैसे नाहीत' हे उत्तर येईल. स्नॅपशॉटची सोय बऱ्याचदा पेटीसोबतच आलेली असते, वेगळी घ्यावी लागत नाही. पैसे लागतात ते दुसऱ्या इमारतीतल्या प्रतीसाठी, आणि दर तिमाहीला एका माणसाचा एक दिवस. नवी प्रणाली, नवं ॲप, नवा लोगो, उद्घाटनाचा मंडप यांना पैसे सापडतात. तालमीची फीत कापता येत नाही, ही खरी अडचण आहे.

आता आपल्या हातात काय? महापालिकेला, जिल्हा परिषदेला माहिती अधिकारात अर्ज टाकता येतो. यंत्रणेची रचना, कंपनीचं नाव, मॉडेल असलं काही विचारू नका. सुरक्षेचं कारण देऊन अर्ज फेटाळायला आयतं निमित्त मिळेल, आणि ते कारण चुकीचंही नसेल. फक्त तारखा आणि तास विचारा. मागच्या दोन वर्षांत बॅकअपवरून प्रणाली परत उभी करून पाहिल्याच्या तारखा कोणत्या? प्रत्येक वेळी किती तास लागले? अहवालावर कोणाची सही आहे? 'माहिती उपलब्ध नाही' असं उत्तर आलं तर ते जपून ठेवा, तेच उत्तर आहे.

सहकारी पतसंस्था आणि बँकांना माहिती अधिकार सहसा लागू होत नाही, पण सभासद म्हणून वार्षिक सभेत प्रश्न विचारायचा हक्क आहे. सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणजे नोटिसा येतीलच. लाभांश किती आणि भेटवस्तू काय, यावर दोन तास जातात. मध्ये एकाने उठून विचारा, "सीबीएसचा सर्व्हर आज दुपारी गेला तर आपलं काम कुठल्या वेळेच्या नोंदींपासून आणि किती तासांत सुरू होईल, आणि हे शेवटचं कधी करून पाहिलं?" प्रश्न आधी लेखी देऊन पोच घ्या. ज्यांनी विचारलाय किंवा विचारणार आहेत, त्यांनी आलेलं उत्तर संस्थेचं नाव न घेता खाली कमेंटमध्ये टाका.